हरकतीचं बटण

प्रिय वहिनी,

अजूनही वहिनीच म्हणते. घटस्फोट तुझा दादाशी झाला, माझ्याशी नाही, आणि तुला नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. हे पाकीट तुला सिस्टरच्या हातून मिळालं असेल. तिला आत घे, चहा दे, चिमणीला तिच्याजवळ बसव आणि तू आतल्या खोलीत जाऊन हे शेवटपर्यंत वाच. मधूनच उठू नकोस आणि आधी शेवट बघू नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. खरं तर सांगायचं ते दोन ओळींत मावलं असतं. पण दोन ओळींत सांगून पाहिलं एके ठिकाणी, तर समोरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मलाच वेड लागलंय. तू त्या खेळाच्या टेबलाशी बसलेली आहेस. तुला सगळं क्रमानं सांगितलं तर पटेल. आणि दुसऱ्या कुणाला पटो न पटो, तुला पटलंच पाहिजे, कारण हा तुझ्या आणि चिमणीच्या जिवाचा प्रश्न आहे.

खेळ पुन्हा सुरू झालाय. तू गेल्यावर दादानं फासे, नकाशे, सगळं एका खोक्यात भरून कपाटावर टाकलं होतं, आणि मी म्हटलं होतं, सुटलो एकदाचे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यानं स्वतःच खोकं खाली काढलं, धूळ पुसली आणि सगळ्यांना निरोप धाडले. मंडळी जुनीच. कुलूपवाला, त्याच्या हातांना अजून तसाच तेलाचा वास. सिस्टर, इस्पितळातून तडक येते आणि बूट काढले की आधी डोळे मिटून नुसती बसून राहते. वकील, जो आयुष्यात कधी न्यायालयाची पायरी चढलेला नाही, पार्सलची गाडी चालवतो, पण नियमांचा एवढा काथ्याकूट करतो की नाव पडलं ते पडलंच. आणि मी, चहा करणारी. रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आपल्या त्याच जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमतात. तुझी खुर्ची तिथेच आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, सगळ्यांच्या पिशव्या ठेवलेल्या असतात.

तुझी आई एकदा हा खेळ बघायला बसली होती, आठवतं? पत्ते कुठेत, सोंगट्या कुठेत, म्हणून शोधत होती बिचारी. तू तिला समजावलंस की एक जण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुणी म्हणतं मी भिंत चढतो, कुणी म्हणतं मी दार उघडते. जमलं की नाही ते फासा सांगतो, आणि फाशाचा अर्थ काय लावायचा ते सूत्रधार सांगतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे शेवटी सगळं जावईबापूंच्याच हातात की!" आपण किती हसलो. दादा सगळ्यात जास्त हसला होता.

सूत्रधार म्हणून तो कसा होता हे मी तुला काय सांगणार. गोष्ट सांगावी तर त्यानंच. अंधारी गुहा म्हणाला की भरदुपारी अंगावर काटा यायचा. पण त्याच्या निकालावर कुणी बोट ठेवलं की झालं. आवाज चढवायचा नाही, भांडायचा नाही. नुसता हसायचा, आणि पुढच्या रविवारी त्या माणसाचं पात्र दरीत पडायचं, नाहीतर त्याला मिळालेली तलवार गंजकी निघायची. वकिलाची इतकी पात्रं मारली त्यानं की वकील पुढे पुढे त्यांना नावंच ठेवेनासा झाला. मग तू आलीस. तुझी ती नावाडीण. नदी ओलांडून तू पलीकडे पोचलेली आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि दादा म्हणाला, नाही, ती अजून अलीकडेच आहे. तू वाद घातला नाहीस. उठलीस, आत जाऊन त्याच्या जुन्या ओव्हरकोटाचं मोठं काळं बटण कात्रीनं कापून आणलंस आणि टेबलाच्या मधोमध ठेवलंस. म्हणालीस, ज्याला हरकत घ्यायची असेल त्यानं हे बटण आपल्यापुढे ओढायचं, आणि बटण ओढलं की सूत्रधारानं तोंड मिटून सगळं ऐकायचं, मगच निकाल द्यायचा. आम्ही टाळ्या पिटल्या. दादाही हसला. पण त्या कोटाला त्यानं दुसरं बटण कधी लावून घेतलं नाही. आख्खी थंडी तो कोट तसाच, एका बटणाविना घालून फिरला. मला ते प्रेम वाटलं होतं, वहिनी. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना विचारते, आता नीट दिसतंय का, आणि घरातलं मला दिसत नव्हतं.

टेबलावर बटण होतं, पण टेबल सोडलं की नव्हतं. तू नोकरी धरायची म्हणालीस तर आत्ता नको, हा निकाल. माहेरी जायचं तर पुढच्या महिन्यात. कुणाचा फोन घ्यायचा, चिमणीला कुठल्या शाळेत घालायचं, तुझ्या पाठदुखीला औषध कुणाकडचं आणायचं, सगळे निकाल त्याचे, आणि तेही अगदी हळू आवाजात, हसत. एकदा भांडी पुसता पुसता तू मला म्हणाली होतीस की माझी नदी ह्या घरात रोजच अलीकडे असते, धाकटे. तेव्हा मी काहीतरी थट्टा करून विषय उडवला. त्यानंतर काही दिवसांनी तू चिमणीला आणि एक पिशवी घेऊन निघून गेलीस, आणि खरं सांगू, मला रडू आलं पण आश्चर्य वाटलं नाही.

न्यायालयानं चिमणी तुझ्याकडे दिली त्या दिवशी दादा घरी आला, हातपाय धुतले, जेवला. तुझा नवा पत्ता त्याला द्यायचा नाही, आणि मुलीला भेटायचं तर एक शनिवार सोडून एक, न्यायालयाच्या त्या भेटीगाठींच्या केंद्रातल्या खोलीत, तिथल्या बाई समोर बसलेल्या असताना, हे सगळं त्यानं मला दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाला, त्या न्यायाधीशबाईंना नियम माहीत नाहीत. माझी हरकत त्यांनी ऐकूनच घेतली नाही. एवढंच. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. लोक म्हणायला लागले, कसा शांतपणे घेतलंन्! मीही तेच म्हणत होते.

तर हा नवा खेळ. पहिल्याच रविवारी दादानं स्वतःच्या हातानं बटण टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की ह्या वेळी वाटेल तितक्या हरकती घ्या. मला चुका दाखवा, मी बदलीन. आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. वकिलानं भीत भीत बटण ओढलं, काहीतरी फुसकी शंका काढली, आणि दादा चक्क म्हणाला, मान्य. वकिलाचा चेहरा बघायला हवा होतास. घरी जाताना जिन्यात मला म्हणाला, तुझा भाऊ माणसाळला की! मला इतकं बरं वाटलं. वाटलं, घर मोडलं तेव्हा डोळे उघडले त्याचे. तुला कळवावं असंसुद्धा मनात आलं होतं.

गोष्ट अशी. एक मनोरा आहे. मनोऱ्यात एक लहान मुलगी आहे, तिला तिच्या घरून पळवून आणलेली. तिच्यावर एक राखणदारीण नेमलेली. आम्ही चौघांनी त्या मुलीला बाहेर काढायचं, गडबड न करता, कुणाला पत्ता लागू न देता. आणि गंमत म्हणजे त्या मनोऱ्याला शाप आहे. काही चुकलं की काळ मागे फिरतो आणि सगळे पुन्हा मनोऱ्याच्या पायथ्याशी. म्हणजे दर रविवारी तोच मनोरा, तीच मुलगी, तीच राखणदारीण. दोन-तीनदा झाल्यावर मी कंटाळले, पण बाकीच्यांना चेव चढला. आपल्या धंद्यातलं ज्ञान पाजळायला कुणाला आवडत नाही? आणि इतक्या वर्षांनी सूत्रधार ऐकत होता.

सुरुवातीला आम्ही अंधार पडल्यावर जायचो. वकिलानं बटण ओढलं आणि म्हणाला, अंधारात कशाला जायचं? मी रोज गल्लीबोळातून गाडी हाकतो. रात्री एक पाऊल वाजलं तरी चार खिडक्या उघडतात. सुट्टीच्या दिवशी, जेवणं झाल्यावर जा, सगळी वस्ती सुस्तावलेली असते. हातात खोकं असलं तर कुणी मान वर करूनही बघत नाही. दादानं पेन्सिल हनुवटीला लावली, विचार केला आणि म्हणाला, मान्य. पुढच्या रविवारी मनोऱ्यावर दुपार होती. मग कुलूपवाल्यानं हरकत घेतली. दुपारी झोपताना राखणदारीण आतून कडी घालते, असं सूत्रधारच सांगतो, तर मग आम्ही आणलेल्या किल्लीचा उपयोग काय? आतल्या कडीला किल्ली नसते. कडी आतल्याच माणसानं काढायला हवी. दादानं ते टिपून घेतलं. पुढच्या खेपेला आला तो उत्तर घेऊनच. म्हणाला, कडी ती मुलगी काढेल, आता तिचा हात पोचतो. मी विचारलं, आणि मला आठवतंय की मी बटण न ओढताच विचारलं, पळवून आणलेली पोर अनोळखी माणसांसाठी कडी कशी काढेल? ओरडेल ना ती. दादानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "अनोळखी कशी? तुमच्यात तिचा बाप आहे."

आमच्यात बाप कोण ते त्यानं तोवर सांगितलंच नव्हतं. वकील म्हणाला, अरे वा, हे नवीन! आणि पुढे खेळायला लागला. मला मात्र ते खटकलं. तरी मी मनाची समजूत घातली. बिचाऱ्याला लेकीची आठवण येते, ती अशी गोष्टीत उतरते. येणारच. बोलून दाखवत नाही म्हणून काय झालं. मी आणखी एक कप चहा केला त्याला.

मग ते दाराचं झालं. कुलूपवाल्यानं पुन्हा बटण ओढलं. म्हणाला, कडी निघाली हे मान्य, पण मागचं दार जुनं लाकडी आहे, दमट भिंतीतलं. असलं दार फुगतं आणि ढकललं की किंचाळतं. राखणदारीण जागी होणार. दादा नकाशावर काहीतरी काढत होता, त्यानं मान वर केली नाही. "उचलून ढकलायचं," म्हणाला. "डाव्या हातानं मूठ वर, आणि मग खांदा." आणि बोलता बोलता त्याचा डावा हात वर गेला, जड काहीतरी तोलल्यासारखा, आणि खांदा थोडा पुढे आला. कुलूपवाला खूश. बिजागरी खचली की असंच उघडावं लागतं, बरोबर आहे, हरकत मागे. माझ्या हातात किटली होती. ती मी खाली ठेवली.

वहिनी, मी तुझ्याकडे एकदाच आले, पावसाळ्यात. मागच्या गल्लीतून आले, तू सांगितलं होतंस तशी. दार उघडेना. मी ढकलते आहे, ढकलते आहे, आणि तू आतून हसतेस. अगं, डाव्या हातानं मूठ उचल आणि खांदा लाव! मग मला चहा देताना तू म्हणालीस की दिवसा जागी असले की कडीसुद्धा घालत नाही, हे दारच माझा पहारेकरी, चोराला काय ठाऊक उचलायचं ते. हे तू मला सांगितलंस आणि मी कुणालाही सांगितलेलं नाही, ह्या कानाचं त्या कानाला नाही. चिमणी बोलली असेल म्हणावं, तर ती पोर खांदा लावत नाही, तिच्यानं ते दार हलतच नाही. त्यानं स्वतः येऊन पाहिलंय. तू पुढच्या अंगणात कपडे वाळत घालत असशील, चिमणी शाळेत असेल, आणि तो तुझ्या स्वयंपाकघराच्या दारात हात लावून उभा राहिला असेल. पत्ता त्याला कसा मिळाला ह्याचा मी खूप विचार केला आणि एकच उत्तर आलं. त्या दिवशी तो माझ्या मागे मागे आला असणार. म्हणून आज मी स्वतः आले नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर मी फडकं घेऊन टेबल पुसत राहिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, हा मनोरा तुला सुचला तरी कुठून? तो फासे डबीत भरत होता. म्हणाला, तुला कशाला सांगायला हवं, तू तर आत जाऊन आली आहेस. गेल्या खेपेला माझं पात्र मनोऱ्यात शिरलं होतं हे खरं. पण त्यानं माझ्याकडे बघून जे हसू केलं, ते तुला माहीत आहे. वकिलाचं पात्र दरीत पडायच्या आधीचं हसू. मी फडकं पिळायला आत गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

तुला तेव्हाच कळवायला हवं होतं, म्हणशील. मी सिस्टरला गाठलं, तिला सांगितलं. ती शहाणी बाई, तिनं मला धीर दिला की तो फार तर मुलीला भेटायला जाईल, तिला घेऊन कुठे पळून जाईल एवढा वेडा नाही. आपण त्याचं सगळं ऐकून घेऊ, नीट लक्ष ठेवू, आणि काही ठोस हाती लागलं की केंद्रातल्या बाईंना सांगू. नुसत्या दाराच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? तिचंही बरोबर होतं. मग मागचा रविवार आला.

मागच्या रविवारी दादा फार खुशीत होता. मनोऱ्यात आता एकच गोष्ट अडत होती. कडी निघाली, दार आवाज न करता उघडलं, मुलगी बापाजवळ आली, तरी दर वेळी फासा उलटा पडायचा आणि राखणदारीण जागी व्हायची. तर दादा म्हणाला की राखणदारीण जेवणानंतर पाठदुखीचं औषध घेते, कोमट पाण्यात पूड घालून, आणि ते ढवळून द्यायचं काम मुलीचं असतं. मुलीला ते काम फार आवडतं. वहिनी, हे वाचून तुझं काय होतंय ते मला कळतंय. मीही बघितलंय चिमणीला ते ढवळताना, जीभ बाहेर काढून, एक थेंब सांडू न देता. दादा म्हणाला, आदल्या दिवशी बाप मुलीला एक पुडी देतो. ही साखर आहे, औषध कडू लागतं ना, उद्या गुपचूप ह्यातली घाल. मुलगी घालते. राखणदारीण गाढ झोपते. आणि पुडीत किती घालायचं तेही त्यानं सांगितलं, औषधाचं नाव घेऊन. गोष्टीतल्या मनोऱ्यात आजवर कधी खऱ्या औषधाचं नाव आलं नव्हतं.

सिस्टरनं बटण ओढलं. तिचा आवाज अगदी वॉर्डातला होता, सपाट. म्हणाली, एवढं दिलं तर ती उठणार नाही. दादानं बोटानं बटण आणखी तिच्याकडे सारलं आणि म्हणाला, हरकत नामंजूर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. वकील म्हणाला, चला, जुना सूत्रधार परत आला! सिस्टर हसली नाही. तिनं पुन्हा, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की उशिरा उठेल असं मी म्हणत नाहीये. ती कधीच उठणार नाही. दादानं तिच्याकडे बघितलं, मग तुझ्या खुर्चीवरच्या पिशव्यांकडे बघितलं.

"नाही उठली तरी चालेल," तो म्हणाला. "खेळ मुलीला बाहेर काढण्याचा आहे."

मग वकिलानं बशीतलं बिस्किट उचललं, कुलूपवाल्यानं फासा टाकला, तो चांगला पडला, आणि दादा म्हणाला, झालं, शाप उतरला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण तो माझ्याकडे बघत होता. सिस्टर उठली तेव्हा बटण तिच्या मुठीत राहिलं होतं. तिच्या लक्षात आलं आणि ती परत ठेवायला वळली, तर दादा म्हणाला, राहू दे तुझ्याकडे, आता त्याचं काही काम नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात सुट्टी टाकून मी पोलीसचौकीत गेले. दोन ओळींत सांगितलं. साहेबांनी विचारलं, त्यानं केलं काय? मी म्हटलं, अजून काही नाही, खेळात बोलला. कसला खेळ? फाशांचा. मनोऱ्याचा. शेजारचा हवालदार खिडकीकडे तोंड करून हसला. साहेब बरे होते, त्यांनी मला पाणी दिलं आणि म्हणाले की घटस्फोटाच्या वादात घरातल्या माणसांना असं वाटतं, तुम्ही जरा विश्रांती घ्या. परतताना रस्ताभर मला वाटत होतं की मीच चुकत असेन. देव करो आणि तसंच असो. आयुष्यभर तू मला हसलीस तरी मला चालेल.

आता का लिहितेय ते ऐक. दादानं सगळ्यांना कळवलंय की ह्या रविवारी खेळ नाही. आणि ह्या शनिवारी त्याची चिमणीला भेटायची पाळी आहे. काल संध्याकाळी त्यानं तो जुना ओव्हरकोट बाहेर काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, ह्याला दुसरं बटण लावून दे, रविवारी दुपारी बाहेर जायचंय. इतकी वर्षं लावू दिलं नव्हतं ते बटण. मी लावून दिलं, वहिनी. नाही म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं. तो शेजारी बसून माझे हात बघत होता. तेव्हा चिमणीला ह्या शनिवारी केंद्रात पाठवू नकोस, काहीही कारण सांग. घरात असलेली ती पूड आधी फेकून दे, उघडलेला डबा आहे तसा टाक. चिमणीला रागावू नकोस, पण तिच्या दप्तरात, तिच्या डबीत, तिच्या कोटाच्या खिशात बघ, मागच्याच भेटीत त्यानं काही दिलं असेल तर. मग पिशवी भर आणि आजच सिस्टरबरोबर तिच्या क्वार्टरवर जा. ते आवार बंदिस्त आहे, दारावर माणूस असतो, आणि तिथला पत्ता दादाला माहीत नाही. उद्या सकाळी ती आणि कुलूपवाला तुझ्याबरोबर केंद्रातल्या बाईंकडे येतील. त्या टेबलाशी काय बोललं गेलं ते दोघंही शब्दन् शब्द सांगायला तयार आहेत. वकिलाला मी अजून काही सांगितलेलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही. बटण सिस्टरच्या पर्समध्ये आहे. ते आणि हे पत्र बाईंसमोर ठेव, आणि तुझं म्हणणं पुरतं ऐकून घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. मी येणार नाही. मी घरीच थांबते, त्याला जेवायला वाढते, त्याला काही बदललंय असं वाटू देत नाही. माझी काळजी करू नकोस, मला त्याच्याशी खेळायची सवय आहे. फक्त रविवारी दुपारी तो ते दार उचलून ढकलेल, तेव्हा आत कुणी असू नये.

तुझीच,
धाकटी